तापमान सेन्सर बदलण्यापूर्वी

घाट चढताना डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला, की सेन्सरच बिघडला असेल, अशी चालक मनाची समजूत घालतो. ही समजूत महागात पडू शकते. काटा खरे सांगत असल्याचे गृहीत धरून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. आतील कूलंट दाबाखाली असल्याने झाकण सैल होताच उसळते आणि हात-तोंड भाजते.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा. कूलंट गळून गेले, तर सेन्सर द्रवाऐवजी हवेत राहतो. मग काटा मध्यावरच दिसतो आणि इंजिन मात्र भाजत असते. त्यामुळे तपासणीची सुरुवात सेन्सरपासून नव्हे, तर कूलंटच्या पातळीपासून व्हायला हवी.

बहुतेक गाड्यांतील हा सेन्सर म्हणजे तापमान वाढेल तसा विद्युतरोध कमी होणारा एक छोटा घटक. साधारण २० अंश सेल्सियसला त्याचा रोध दोन ते तीन हजार ओहम, तर ८० ते ९० अंशांना दोनशे ते साडेतीनशे ओहमच्या आसपास असतो. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावेत. सेन्सर बिघडला, की इंजिन सुरू होताच पंखा अखंड फिरू लागतो, सकाळी गाडी सुरू होण्यास कुरकुरते, पेट्रोल अधिक लागते. अर्थात, यातील प्रत्येक लक्षणाला अन्य कारणेही असतात.

स्कॅनर हाताशी असल्यास एक सोपी कसोटी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, कूलंटचे आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. उणे ४० अंश दिसल्यास सेन्सर किंवा त्याची वायर कोठेतरी तुटलेली समजावी. पी ०११८ हा दोषसंकेत तेच सांगतो. पी ०११७ मध्ये शॉर्ट सर्किटची शक्यता असते. पुष्कळदा दोष सॉकेटमधील हिरवट पडलेल्या पिनांचा निघतो. त्या साफ केल्या की नव्या सेन्सरची गरजच उरत नाही.

बदलायचाच झाला, तर काम थंड इंजिनवरच करावे. बॅटरीची ऋण वायर सोडवावी, खाली भांडे ठेवावे. कूलंट चवीला गोडसर, पण विषारी असते. मुले आणि कुत्री-मांजरे दूर ठेवावीत. जुनी ओ-रिंग आतच अडकून राहिली नाही ना, हे पाहून नवी बसवावी. आट्यांचा सेन्सर ताकद लावून आवळू नये, ॲल्युमिनियमचे आटे सहज जातात. जुन्या गाड्यांतील एकाच वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातून मिळते, म्हणून तेथे टेप गुंडाळणे टाळावे.

नंतर कंपनीने सांगितलेलेच कूलंट भरावे. नळाच्या पाण्याने आत क्षार साचतात. मॅन्युअलमधील पद्धतीने हवा काढावी, पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.