नळजोडणी व मलनिःसारण परवाने, भिवंडीतील

पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांची कामे करण्यास स्थानिक संस्थेने दिलेली अनुज्ञा. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरास वऱ्हाळादेवी तलाव, शहाड-टेमघर योजना व मुंबई महानगरपालिका यांच्याकडून पाणी मिळते. पाणी ठराविक वेळीच सोडले जाते तेथे पुरवठा थांबताच नळातील दाब घटतो व सैल सांध्यातून लगतच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. एका घराची सदोष जोडणी अशा रीतीने साऱ्या वस्तीस बाधते. परवान्याची आवश्यकता मुख्यतः यातूनच निर्माण होते.

मुंबईच्या १८८८ च्या महापालिका अधिनियमात परवानाधारक प्लंबरची तरतूद होती. तशीच तरतूद १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात करण्यात आली. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका २००१ मध्ये स्थापन झाल्यावर हा अधिनियम शहरास लागू झाला. त्यानुसार परवाना देण्याचा अधिकार आयुक्तांकडे असतो.

परवान्यामुळे कामाच्या दर्जाची जबाबदारी निश्चित झाली. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या जीविताचे रक्षण मात्र त्याच्या कक्षेत नव्हते. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधनांविना कामगारास मलवाहिनीत वा मलटाकीत उतरविणे गुन्हा ठरविले. ठेकेदाराकरवी काम करून घेतले, तरी स्थानिक संस्थेस ही बंदी लागू असते. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये भरपाई ठरविली व २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. भरपाई मृत्यूनंतर मिळते. म्हणून काम सोपवितानाच ठेकेदाराची यंत्रे व संरक्षक साधने तपासणे अगत्याचे ठरते.