उंबराचं फूल

पुण्याहून वर्ध्याला घरी गेलो की आजी दारातच म्हणते, "काहून रे, उंबराचं फूल झाला काय?" क्वचित दिसणाऱ्या माणसासाठी मराठीतला हा जुना टोमणा. त्यातलं फूल चीनपर्यंत गेलंय, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

माझा एक चिनी सहकारी इंग्रजी शिकतोय. क्वचित घडणाऱ्या गोष्टींसाठीचे शब्द आम्ही जमवत होतो. 'रेअरली', 'हार्डली एव्हर' सोपे गेले. 'वन्स इन अ ब्लू मून' मी कपिलाषष्ठीच्या योगावरून समजावलं. मग त्याने विचारलं, "आमच्या 'थानह्वा यी श्येन'ला काय म्हणू?" शब्दशः अर्थ, थानह्वाचं फूल एकदा दिसणं. थानह्वा म्हणजे काय ते शोधत गेलो आणि उंबरापाशी पोचलो.

संस्कृत 'उदुंबर' बौद्ध ग्रंथांबरोबर चिनी भाषेत गेला. तिथे त्याच्या लांबलचक रूपातलं 'थान' एवढंच उरलं. 'ह्वा' म्हणजे फूल. कुमारजीवाने इ.स. 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं. बुद्धाचा उपदेश कानी पडणं किती दुर्मिळ, हे सांगायला त्यात याच फुलाची उपमा आहे.

पुढे अर्थ सरकला. आज चिनी माणूस हा वाक्प्रचार क्षणभर चमकून विझणाऱ्या गोष्टीसाठी वापरतो. थानह्वा हे नावही आता अमेरिका खंडातून आलेल्या एका निवडुंगाचं आहे. त्याचं फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत मिटतं. गंमत म्हणजे आपण कुंडीत लावून ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, ते हेच. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं.

ज्या सूत्रात ही उपमा आहे, त्याचं नाव आमच्या जिल्ह्यात रोज घेतलं जातं. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात ज्या जपानी मंत्राने होते, तो या सूत्राच्या नावाला केलेला नमस्कारच. जपानी भिक्षू फुजी गुरुजी 1933 मध्ये गांधीजींना वर्ध्यात भेटले होते; मंत्र आला तो त्यांच्या पंथाकडून. शाळेच्या सहलीत मी तो ऐकला होता. अर्थ विचारावा, असं तेव्हा सुचलं नाही.

आणि ज्या फुलावरून एवढं सगळं झालं, ते मुळात दुर्मिळ नाहीच. उंबर फोडला की आत शेकडो बारीक फुलं असतात. ती बाहेर दिसत नाहीत, एवढंच.

दिवाळीत आजीला एक कोवळा उंबर चिरून दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"असते त मग," ती म्हणाली, "दिसाले काय होते?"