पालीसाठी समुद्रापार: धर्मानंद कोसंबींची विद्यायात्रा

१/ वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात जून १९४७ मध्ये पालीचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांनी देह ठेवला. बुद्धवचने ज्या भाषेत जतन झाली, ती शिकण्यासाठी बुद्धाच्याच देशातील या माणसाला समुद्र ओलांडावा लागला होता.

२/ कोसंबींचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळचा. शालेय शिक्षण तुटपुंजे, घरी नारळीच्या बागांचा व्याप. मराठीत बुद्धाविषयी जे थोडे हाती लागले, त्याने मनाची पकड घेतली. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून त्यांनी घर सोडले. या ज्ञानतृष्णेची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरता येत नाही.

३/ पुण्याहून ते काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ गाठले, पण तिथे निराशा झाली. अखेर बोधगया व कलकत्त्यामार्गे १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, पोहोचले.

४/ कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे त्यांचे गुरू. काशीत संस्कृताची गुरुपरंपरा अखंड होती, तशी पालीची इथे होती. भिक्षू जी सूत्रे पाठ म्हणत, ज्या नियमांनी राहत, तेच ग्रंथांतही वाचले जाई. कोसंबी स्वतः श्रामणेर झाले. भाषा शिकता शिकता तिच्यातील जीवनक्रमही त्यांनी अंगीकारला.

५/ पुढे ते ब्रह्मदेशात गेले. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही: श्रीलंकेत ती सिंहलीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मीत, पाश्चात्त्य विद्वान रोमनमध्ये छापतात. मराठी वाचकासमोर म्हणून दोन भिंती होत्या, भाषेची आणि लिपीचीही.

६/ १९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्त्यातील अधिक वेतन सोडून त्यांनी ही अट स्वीकारली. परदेशी मिळवलेली विद्या मायबोलीत आणण्याचा हा निर्णय होता.

७/ १९१० मध्ये हार्वर्डचे निमंत्रण आले. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या हेन्री क्लार्क वॉरन यांनी अपुऱ्या ठेवलेल्या संपादनाचे काम त्यांच्याकडे आले. कोलंबोत शिष्य म्हणून बसलेला गोमंतकीय आता अमेरिकेत पाठशुद्धी करत होता. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, निघाली. त्यांची देवनागरी आवृत्ती मात्र १९४० मध्येच प्रसिद्ध झाली होती.

८/ १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्या विद्येसाठी गुरूला कोलंबो गाठावे लागले, तिचा आरंभ शिष्यांना पुण्यातच करता आला.

९/ तरीही परदेशी अध्ययनाची गरज संपली, असे कोसंबींनी मानले नाही. त्यांच्या पश्चात पालीच्या अभ्यासासाठी विद्यार्थी सिंहलद्वीपास पाठवण्याचा विचार गांधीजींनी उचलून धरला. पुस्तके देवनागरीत आणता येतात. ती जगणाऱ्यांचा सहवास मात्र त्यांच्या दारी जाऊनच मिळतो.