‘बाईचे काम’ वेगळे कसे ठरते? एक खटला आणि एक कोयता

रेणापूर परिसरात खुरपणीला गेलेल्या बाईचा रोज आणि फवारणीला गेलेल्या गड्याचा रोज सारखा नसतो. कारण विचारले तर उत्तर तयार असते : कामेच वेगळी आहेत. हा युक्तिवाद केवळ बांधावरचा नाही. मुंबईतील एका जुन्या जहाज कंपनीने तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, आणि तिथे तो टिकला नाही. आजचा धागा त्या खटल्याविषयी आणि तो खटला जिथवर पोहोचू शकला नाही त्या ऊसफडाविषयी. जरा लांबेल.

स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन, हे शब्द संविधानाच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये पहिल्या दिवसापासून आहेत. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्याच्या आधारे एखादी कामगार स्त्री थेट न्यायालयाचे दार ठोठावू शकत नव्हती. समान वेतनाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार भारताने १९५८ साली मान्य केला, तरी कायदा व्हायला आणखी सतरा वर्षे गेली.

मधल्या काळात मालकांचे नियम कसे होते, याचा एक नमुना पाहा. मुंबईतील एका औषध कंपनीत अविवाहित मुलींना कामावर घेत आणि लग्न झाले की कामावरून कमी करीत. विवाहित स्त्रिया गैरहजर फार राहतात, हे कंपनीचे कारण. कामगार संघटनेने हा नियम आव्हानित केला आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. म्हणजे नोकरी टिकवण्याचा प्रश्न आधी सुटला. पगाराचा तसाच राहिला.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि भारतात आणीबाणी होती. २६ सप्टेंबर १९७५ रोजी समान वेतनाचा अध्यादेश निघाला व पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. नागरिकांचे मूलभूत हक्क गोठवणाऱ्या राजवटीने स्त्री कामगारांच्या हाती एक हक्क ठेवला, ही विसंगती आणीबाणीचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते.

या कायद्याची कसोटी घेतली ऑड्रे डिकॉस्टा यांनी. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या मुंबई कचेरीत त्या लघुलेखिका होत्या. १९७५ साली कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात पगाराचा करार झाला. त्यात पुरुष लघुलेखक एका वेतनश्रेणीत बसले आणि स्त्रिया दुसऱ्या, कमी पगाराच्या. १३ जून १९७७ रोजी डिकॉस्टा यांची नोकरी संपली. त्यानंतर त्यांनी २६ ऑक्टोबर १९७५ पासूनचा फरक मागितला.

कंपनीचे म्हणणे लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. या स्त्रिया साध्या लघुलेखिका नाहीत, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ‘गोपनीय’ लघुलेखिका आहेत. त्या पदावर आमच्याकडे पुरुषच नाहीत. मग तुलना कोणाशी करणार? शिवाय करारावर संघटनेची सही आहे. आणि शेवटी, कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक आहे. विशेषण वरच्या दर्जाचे, पगार मात्र खालचा! मला तर या साऱ्या प्रकरणात हा एकच शब्द, ‘गोपनीय’, सर्वांत बोलका वाटतो.

पहिल्या पायरीवर अर्ज फेटाळला गेला. अपिलात, ३१ मे १९८२ रोजी, निकाल फिरला : डिकॉस्टा यांना ७,१९६ रुपये ६७ पैसे द्यावेत. सुमारे वीस महिन्यांची ही रक्कम. म्हणजे महिन्याला साडेतीनशे रुपयांहून थोडा अधिक फरक. एवढ्यासाठी कंपनी उच्च न्यायालयात गेली, हरली, पुन्हा हरली आणि दिल्लीला गेली.

२६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. त्या निकालातील विचार थोडक्यात असा. पदाचे नाव काय, हे पाहू नका. माणूस प्रत्यक्षात कोणते काम करतो ते पाहा. तपशिलातील किरकोळ फरकांवरून समानतेचा दावा उडवू नका. संघटनेशी केलेला करार कायद्यापेक्षा मोठा नाही. आणि समान वेतन देण्याची ऐपत नाही, ही सबब कायद्याला मान्य नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बढती, प्रशिक्षण व बदली यांतील भेदभावालाही मनाई झाली. पुढे २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला.

आता मुंबई सोडून मराठवाड्यात येऊ. कारण समान दराचा प्रयोग आपल्याकडे कचेरीत नव्हे, दुष्काळी मातीत झाला.

वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ साली करून पाहिलेली कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर आली : रोजगार हमी योजना. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मोबदला कामाच्या मापावर, आणि स्त्री-पुरुषांसाठी दर एकच. मापावरून तंटे होत, पैसे उशिरा मिळत, हे सारे खरे. पण या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या आणि मस्टरवर प्रत्येकीचे स्वतःचे नाव लागले. माझ्या मते समान दराइतकीच ही नोंद मोलाची होती. नाव नोंदलेले असेल तरच तक्रार उभी राहते. डिकॉस्टा यांच्याकडेही शेवटी काय होते? पगाराचा कागद.

ऊसतोडीत नेमके तेच नाही.

तिथे मोजणीचे एकक माणूस नव्हे, ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती कोयत्याला. मजुरी टनावर, तीही कोयत्याला. तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावरून गाडीत भरणे यात बाई कुठेही मागे नसते. वर फडावर निघण्याआधी भाकरी आणि पाणी तिच्याच माथी. हिशेब मात्र गड्याशी होतो. आजारपणात खाडा पडला तर तो जोडीच्या मजुरीतून कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या चर्चेत हा खाडाही होता.

समान वेतनाचा दावा करायचा तर आधी ‘तिला कमी मिळाले’ हे दाखवावे लागते. इथे तिच्या नावावर काहीच मिळालेले नसते. तुलनेला आकडाच नाही.

पण या धंद्याच्या बोलीत आणखी एक शब्द आहे : ‘अर्धा कोयता’. जोडीदाराविना फडावर येणारा एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. आणि एकटी विधवा किंवा टाकलेली बाई आली, तर तीही अर्धा कोयताच. न्यायालयाने १९८७ साली जे पाहायला सांगितले होते, ते मुकादमाच्या या हिशेबात आधीच मांडलेले आहे.