भरली की सुटेल!

एसटीचं खरं यश मला लाल डब्यापेक्षा तिच्या वेळापत्रकात दिसतं. आधी खासगी मोटारी होत्याच, पण सीटा भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली आणि हळूहळू खेड्यांनाही वेळेला सुटणारी गाडी मिळाली, मग ती रिकामी का असेना. आडगावच्या फेरीचा तोटा गर्दीच्या मार्गांनी सोसायचा, असा साधा हिशोब. आम्हा आयटीवाल्यांनी ती फेरी 'ऑप्टिमाइझ' करून बंदच केली असती! पण त्याच फेरीने एखादी मुलगी शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाते. २०२१-२२च्या लांबलेल्या संपात एसटी थांबली, तेव्हा बऱ्याच गावांना उरलं काय? वडाप. म्हणजे पुन्हा तेच, भरली की सुटेल!