डोहाळे, वजनकाटा आणि उजेड

मराठी शब्दांचा इतिहास शिकवताना 'डोहाळे' या शब्दापाशी आम्ही नेहमी थोडे रेंगाळतो. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटले आहे. जिच्या ठायी दोन हृदये आहेत, ती दौहृदिनी. तिला काय हवे ते विचारावे आणि पुरवावे, ही रीत या कल्पनेशी जोडलेली आहे. प्रसूतीनंतरच्या मनासाठी मात्र आपल्याकडे रूढ आहे तो 'प्रसूतिवैराग्य' हा शब्द, आणि तोही थट्टेचा. वेणा थांबल्या की विरक्तीही सरते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. जिची उदासी महिनोन्महिने सरत नाही, तिच्या वाट्याला 'दृष्ट' किंवा 'बाहेरची बाधा' यांपलीकडे शब्द येत नाही.

जव्हार-मोखाड्याचा अलीकडचा इतिहास वाचताना ही उणीव अधिक जाणवते. १९९२ साली, हे तालुके ठाणे जिल्ह्यात असताना, जव्हारमधील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २०१५ मध्ये गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. या उपाययोजनांचे मोल आम्ही कमी मानत नाही. पण या साऱ्या इतिहासाचे मुख्य साधन वजनकाटा हे आहे. बाळाचे वजन नोंदले गेले, आईचा आहार नोंदला गेला; तिला काय वाटते, हे नोंदवण्यासाठी रकाना नव्हता.

आता उजेडाकडे वळू. वारली लग्नाचा चौक घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने लिहिला जातो. त्याच्या मधोमध पालघाट ही मातृदेवता असते. कारवीच्या कुडाच्या जुन्या घरांना खिडक्या नसत. मातृत्वाची देवता आणि अंधार यांची ही जवळीक आम्हांला विचारात पाडते, कारण आधुनिक वैद्यकाने गर्भवतीच्या उदासीवर उजेडाचाच एक उपाय पुढे आणला आहे.

१९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात बळावणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा प्रयोग केला. रोज सकाळी ठरावीक वेळ दिव्यासमोर बसायचे, एवढीच ही रीत. प्रकाश डोळ्यांवाटे शरीराच्या घड्याळाला वेळ लावून देतो, हे तिच्यामागचे प्रमुख स्पष्टीकरण. गर्भावर औषधांचा परिणाम होईल या भीतीने औषधे टाळणाऱ्या स्त्रियांसाठी हा मार्ग अर्थातच महत्त्वाचा ठरला. २००२ मध्ये १६ गर्भवतींवर प्राथमिक प्रयोग झाला. २०११ मध्ये २७ गर्भवतींच्या चाचणीत प्रखर पांढऱ्या प्रकाशाची तुलना मंद लाल प्रकाशाशी केली गेली, आणि पाच आठवड्यांनी पांढऱ्या प्रकाशाचा गट अधिक सुधारलेला आढळला. आकडे लहान आहेत. त्यांवर मोठी इमारत रचता येणार नाही. शिवाय उन्मादाची प्रवृत्ती असलेल्यांना हा उपचार वैद्यकीय देखरेखीविना देऊ नये, हेही लक्षात ठेवावे लागते.

योगायोग असा, की २००२ चा तो निबंध ज्या 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री'मध्ये आला, त्याच्याच त्या वर्षीच्या खंडात विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा गोव्यातील मातांवरचा निबंध आहे. म्हापशाच्या रुग्णालयातील या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी ५९ माता, म्हणजे सुमारे २३ टक्के, नैराश्यात आढळल्या. त्यांपैकी बहुतेकींचे मन गर्भारपणातच खचलेले होते. कारणे होती गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. २००३ मध्ये याच संशोधकांनी दाखवले, की अशा मातांची बाळे सहा महिन्यांची होताना वजनात आणि लांबीत मागे पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा काही अंशी आईच्या मनाचीही नोंद असतो.

मग जव्हारला दिवे वाटावेत काय? आम्हांला तसे वाटत नाही. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारी बाळंतीण दिवसभर उन्हातच असते. निरभ्र दिवशी उघड्यावर मिळणारा उजेड उपचाराच्या दिव्याच्या १०,००० लक्सहून कितीतरी अधिक असतो. तिला उन्हाची वाण नाही. वाण आहे ती विसाव्याची, मजुरीची आणि विचारपूस करणाऱ्या माणसाची. प्रकाशोपचाराच्या इतिहासातून आम्ही घेतो तो धडा दिव्याचा नाही. दिवा लावण्यापूर्वी कोणीतरी त्या स्त्रीला तिच्या मनाविषयी विचारले होते, आणि तिचे उत्तर नोंदवले होते.

असे विचारण्यासाठी १९८७ साली एडिंबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. हे दहा प्रश्न वारली, कोकणा किंवा कातकरी बोलीत विचारायचे, तर 'उदास' या शब्दाला तिथली बाई काय म्हणते हे आधी ठाऊक हवे. हे काम एकट्या डॉक्टरांचे नाही, भाषेच्या अभ्यासकांचेही आहे. बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी आजवर भांड्यांची, धान्यांची, नात्यांची नावे गोळा केली. बाळंतिणीच्या मनाची नावे अजून गोळा व्हायची आहेत.