मुळशीचं पाणी आणि 12 ऑक्टोबरचा पेपर

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षेचा पहिला दिवस. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षाही चालू होत्या. करोनामुळे बहुतेकांचा पेपर घरूनच, मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर, बहुपर्यायी प्रश्नांचा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागीच थांबल्या, मुलांचे पेपर अडले. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

राज्याच्या ग्रीडमध्ये बिघाड झाला तर मुंबईची वीज वेगळी काढून चालू ठेवायची, अशी व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. त्या दिवशी तीही कोलमडली. मग शहर पुन्हा उभं करायला टाटांच्या ट्रॉम्बेच्या संचांबरोबर सह्याद्रीच्या पायथ्याची जलविद्युत केंद्रं कामाला लागली. त्यांतलं भिरा चालतं मुळशीच्या पाण्यावर.

मुळा ही पूर्ववाहिनी नदी. मुळशीला तिचं पाणी अडवून डोंगराखालून पश्चिमेला वळवलं, आणि ते कोकणात भिऱ्याला उतरवून त्यावर वीज काढली. मुंबईच्या गिरण्यांना ती हवी होती. त्यासाठी मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. ‘सेनापती’ ही बापटांची ओळख याच लढ्यातली. 1924 च्या अखेरीस बापट पकडले गेले, सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. 1927 मध्ये भिऱ्याची वीज मुंबईकडे निघाली. गावं उठली, माणसं धरणाच्या काठाने वर सरकली. त्यांच्या त्यागाचा हिशेब आजही पुरा झालेला नाही.

2020 ची परीक्षा मुळात होणार की नाही, यावरच उन्हाळाभर वाद होता. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. पुढच्या प्रवेशांसाठी निकाल हातात हवे होते आणि वेळ थोडा उरला होता. मुळशी तालुका पुणे विद्यापीठाच्या हद्दीत येतो. तिथल्या मुलांपुढेही तोच पेपर आणि तेच घड्याळ होतं. पहिल्याच दिवशी लॉग-इन न होण्याच्या, पेपर न उघडण्याच्या तक्रारी आल्या. विद्यापीठाने हेल्पलाइन ठेवली होती, ऑनलाइन जमणार नाही त्यांना केंद्रावर जाऊन लिहिण्याची मुभा होती, आणि तांत्रिक अडचणीत पेपर गेलेल्यांना पुन्हा संधी देण्यात आली. हे योग्यच झालं.

पण मोठा बदल निराळाच होता. परीक्षा हॉलमध्ये दिवे गेले तर निस्तरायचं काम केंद्रप्रमुखाचं असे: खिडक्या उघडायच्या, मेणबत्त्या आणायच्या, वेळ वाढवून द्यायचा. पेपर घरी गेला तशी वीज, रेंज आणि चार्जिंग सांभाळायची जबाबदारीही विद्यार्थ्याच्या घरी गेली. मुळशीतल्या ताम्हिणीकडच्या गावांत पाऊस-वाऱ्यात झाड तारांवर पडलं, की लाइनमन येईपर्यंत वाट पाहायची.

मुंबईचा अंधार देशभर बातमी झाला. पेपर का हुकला, हे तिथल्या कोणत्याही मुलाला पटवून द्यावं लागलं नाही. एखाद्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळला तर मात्र ते विद्यापीठाला कळवायचं त्या मुलानेच, आणि तेही रेंज मिळेल तिथवर चालत जाऊन. वाडीवार वीज कधी गेली, कधी आली, याची नोंद महावितरणकडून मागवून परीक्षा विभागाने स्वतःच पडताळली असती, तर हा भार मुलांवर पडला नसता.